सोलापूरचें तळें, तट आणि चौक

पुण्याहून सायंकाळीं सुटणारी एक आगगाडी दौंड, कुर्डुवाडी हीं स्थानकें मागें टाकीत रात्रीं सोलापुरास पोंचते. तिचें नांव हुतात्मा एक्सप्रेस. हें नांव तिकिटावर छापलेलें असतें, फलाटावर पुकारलें जातें आणि रोज शेंकडों प्रवासी तें सहज उच्चारितात; परंतु हे हुतात्मे कोण, ते किती होते आणि कोणत्या अपराधास्तव त्यांस मरण आलें, हा प्रश्न त्यांपैकीं फारच थोड्यांच्या मनास शिवतो. सोलापूर म्हटलें म्हणजे चादर आठवते, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आठवते, फार तर संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आठवते. इतिहास आठवत नाहीं.

यांत प्रवाशांचा दोष थोडा आणि इतिहास शिकविण्याच्या रीतीचा अधिक. शालेय पुस्तकांत सोलापूर येतें तें किल्ल्याच्या निमित्तानें. अमक्या सुलतानानें घेतलें, तमक्यानें हिसकावलें, तिसऱ्यानें तहांत सोडलें. जणूं हें गांव म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील एक घर. त्यावर मोहरीं येतात आणि जातात, घराला स्वतःचें मत म्हणून कांहीं नसतें. वास्तविक पाहतां, ज्याला थोडी पायपीट करण्याची तयारी आहे त्याला या शहराच्या मध्यभागींच तीन स्थळें एकमेकांच्या जवळ जवळ सांपडतात. एक तळें, एक तट आणि एक चौक. यांपैकीं तट राजांनीं बांधला. तळें आणि चौक हीं गांवाचीं स्वतःचीं आहेत, आणि तटापेक्षां त्यांचीच हकीकत अधिक ऐकण्याजोगी आहे.

सोलापूर भीमा आणि सीना या नद्यांच्या टापूंत, काळ्या जमिनीच्या उघड्या पठारावर वसलें आहे. मुलूख ज्वारीचा, पाऊस बेताचा आणि बेभरंवशाचा. दक्षिणेकडे थोडें गेलें कीं कानडी सुरू होते, पूर्वेकडून तेलंगणची वाट येते. त्यामुळें मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा येथील एकाच पेठेंत एकाच सकाळीं कानावर पडतात. चारही भाषांत तोडकें-मोडकें बोलूं शकणारा वाणी किंवा टांगेवाला ही या शहरांत कधींच नवलाईची गोष्ट नव्हती.

अशा कोरड्या मुलखांत पाणी आणील तो देवासमान ठरतो. बाराव्या शतकांत या जागीं सोन्नलगी नांवाचें लहानसें गांव होतें. तेथें मुद्दगौड आणि सुग्गलादेवी या दांपत्याच्या पोटीं सिद्धराम जन्मास आला. त्याच्या बालपणाची कथा घरोघर सांगितली जाते. पोर गुरें राखीत असतां एक जंगम आला. मुलानें त्याला शेतांतला हुरडा खाऊं घातला. जंगमानें दहींभात मागितला. मुलगा घरीं धांवला, दहींभात घेऊन आला, तों पाहुणा नाहींसा. त्यानें आपलें नांव मल्लय्या आणि गांव श्रीशैल सांगितलें होतें. तेव्हां त्याला शोधीत हा मुलगा यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलास गेला. तेथून परत आला तो मल्लिकार्जुनाचा ध्यास घेऊनच, आणि मग त्यानें सोन्नलगींत देवालयें उठविलीं, गांवाभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं आणि तळें खणविलें. तेराव्या शतकांतील राघवांक या कानडी कवीनें त्याचें चरित्र पद्यांत लिहिलें आहे. सिद्धरामाचीं स्वतःचीं वचनेंही कानडींत आहेत. त्यांच्या अखेरीस कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही मुद्रा असते.

या तळ्याच्या संबंधांत शून्यसंपादने या कानडी ग्रंथांत एक प्रसंग आला आहे, तो मराठी वाचकांस फारसा ठाऊक नसतो. खोदकाम चाललें असतां अल्लमप्रभु तेथें आले आणि तो वडर सिद्धराम कोठें आहे अशी त्यांनीं मजुरांकडे चौकशी केली. आपल्या स्वामीला वडर म्हटलेलें ऐकून मजूर खवळले. त्यांनीं प्रभूंवर दगड भिरकावले. गलका ऐकून सिद्धराम आले, आणि मग दोघांचा मोठा संवाद झाला. देवळें बांधून आणि तळीं खणून मुक्ति मिळते काय, मातीचा बांध घालणाऱ्यानें मनाचा बांध घातला आहे काय, असा प्रभूंचा रोख होता. सिद्धरामांस तो पटला. ते प्रभूंबरोबर कल्याणास बसवेश्वरांच्या मेळ्यांत गेले. वादांत प्रभु जिंकले, यांत संशय नाहीं. परंतु सोलापूरकरांनीं आठशें वर्षें जें पाणी पाहिलें तें त्या वडराच्या तळ्याचें. वडर हा शब्द प्रभूंनीं टोंचून बोलण्यासाठीं वापरला असेल. या गांवाला तो भूषणासारखा वाटावा, इतका येथील इतिहास हातांनीं काम करणाऱ्यांचा आहे.

तळ्याच्या मध्यावर सिद्धेश्वराचें देऊळ आहे. जानेवारींत, संक्रांतीच्या सुमारास, जी यात्रा भरते तिच्या मुळाशीं एका कुंभाराच्या मुलीची कथा आहे. ती रोज देवासमोर सडा-रांगोळी करी. तिनें सिद्धरामांशींच लग्न करण्याचा हट्ट धरला. व्रतस्थ पुरुषानें करावें काय? त्यांनीं आपल्या योगदंडाशीं तिचें लग्न लावण्यास संमति दिली. त्या योगदंडाचें प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज सजवून मिरवीत नेतात, अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक होतो आणि तळ्याकांठच्या संमति कट्ट्यापाशीं अक्षतांचा सोहळा होतो. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी तो जड ध्वज कमरेशीं तोलून धरतात तेव्हां पाहणाऱ्याचा श्वास रोंखला जातो. संमतीचा पाठ कानडींत होतो. अक्षता टाकणाऱ्या गर्दींत मराठी आणि तेलुगू घरांतील माणसांची उणीव कधींच नसते.

आतां तट. तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहामनी काळांत तो उभा राहिला. दुहेरी तट, खंदक, आणि आंत मल्लिकार्जुनाच्या जुन्या देवळाचे अवशेष असें त्याचें स्वरूप आहे. बहामनी राज्य फुटल्यावर विजापूर आणि अहमदनगर यांच्या सीमेवर हा किल्ला पडला आणि त्याच्या वाट्यास एक विलक्षण भोग आला. तो हुंडा झाला.

सन १५२४ मध्यें विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीं झाला. सोलापूरचा किल्ला वधूबरोबर द्यावयाचा, अशी बोली झाल्याचें अहमदनगरचें म्हणणें. लग्न लागलें, किल्ला मिळेना. असें कांहीं ठरलेंच नव्हतें, असा जबाब विजापुराहून आला. हुंड्यावरून व्याही भांडतात, हें मराठी माणसाला समजावून सांगावयास नको. येथें मात्र व्याह्यांच्या पदरीं फौजा होत्या. या एका किल्ल्यापायीं दोन राज्यें पुन्हां पुन्हां लढलीं. पुढें अहमदनगरनें तो जिंकला. अखेर १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर विजापुराकडे आंदण म्हणून गेलें. या सोयरिकीनें जी एकी झाली तिचा परिणाम १५६५ च्या जानेवारींत तालिकोटच्या रणांगणावर दिसला. विजयनगरचें साम्राज्य तेथें कोसळलें. पुढें हीच चांदबिबी माहेरीं परतून १५९५-९६ मध्यें मोंगलांविरुद्ध अहमदनगरचा तट लढवीत उभी राहिली. त्या वेळीं तिच्या मनांत आपल्या आंदणांतल्या किल्ल्याची आठवण आली असेल काय, हें कोण सांगणार?

पुढील शंभर-सव्वाशें वर्षें भरभर ओलांडण्यास हरकत नाहीं. मलिक अंबरनें किल्ला घेतला, तो पुन्हां विजापूरकडे गेला, १६६८ च्या तहानें मोंगलांस मिळाला. विजापूर जिंकण्यास निघालेल्या औरंगजेबाची छावणी १६८५ मध्यें सोलापुरास पडली, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं भीमेच्या कांठीं माचणूर-ब्रह्मपुरी येथें त्याचा तळ वर्षानुवर्षें पडून राहिला. मोंगलांमागून निजाम आला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांचें निशाण चढलें. तें फार काळ टिकावयाचें नव्हतें.

१८१८ च्या फेब्रुवारीच्या २० तारखेस याच जिल्ह्यांतील आष्टी येथें बापू गोखले धारातीर्थीं पडले. मराठी राज्याचा खरा शेवट त्या दिवशीं झाला असें म्हणतात. तथापि आणखी एक लढाई उरली होती. बाजीराव पळत होता. त्याचें पायदळ आणि तोफा गणपतराव पानसे यांच्या हुकमतीखालीं सोलापूरच्या तटाला पाठ देऊन उभ्या होत्या. कर्नाटकाच्या बाजूनें जनरल मन्रो चालून आला. १० मे १८१८ रोजीं इंग्रजांनीं शिड्या लावून पेठ घेतली; पानसे जखमी झाले, सायंकाळीं माघार घेणाऱ्या मराठी फौजेचा घोडदळानें पाठलाग केला, आणि तोफांच्या माऱ्यानंतर १५ मे रोजीं किल्ल्याचे दरवाजे उघडले. धनी घर सोडून गेल्यावर चाकर दारांत लढत राहावा, तशी ही लढाई. तिचा पोवाडा कोणी आवडीनें गात नाहीं. पण १० मे ही तारीख ऐकणारानें मनांत बाळगावी. ती याच पेठेंत पुन्हां एकदां येणार आहे.

इंग्रजी अमलांत किल्ल्याचें महत्त्व संपलें आणि पेठेचें वाढलें. १८५२ मध्यें नगरपालिका झाली. १८६० मध्यें मुंबईकडून आलेला लोहमार्ग सोलापुरास पोंचला; कांहीं काळ तो येथेंच थांबलेला असल्यामुळें आसपासच्या मुलखाचा सारा कापूस आणि गळिताचें धान्य या स्थानकावर येऊन पडे. पाण्याची जुनी विवंचना होतीच. तिच्यावर उपाय म्हणून हिप्परग्याजवळ एकरूखचा मोठा तलाव १८७१ मध्यें पुरा झाला. म्हणजे सात शतकांनंतर सरकारलाही सिद्धरामाचेंच काम हातीं घ्यावें लागलें! त्यानंतर १८७६-७७ चा दुष्काळ आला. खेडीं ओस पडूं लागलीं. त्याच वर्षांत, १८७७ मध्यें, येथील पहिली कापड गिरणी चालू झाली. सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणत. लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या पुढील तीसेक वर्षांत उभ्या राहिल्या. शेतावर पोट भरेनासें झालेला माणूस भोंग्याच्या हांकेनें शहरांत आला. तेलंगणांतून पद्मशाली विणकर येऊन राहिले. त्यांच्या हातमागांचा खटखटाट पूर्वेकडच्या पेठांत दिवसरात्र चाले, आणि त्याच मागांच्या परंपरेंतून पुढें सोलापुरी चादर निघाली. पहांटेचा भोंगा झाला कीं घड्याळ नसलेल्या घरांतही चुली पेटत.

व्यापाऱ्यांच्या हातीं पैसा आला. अप्पासाहेब वारद यांनीं बांधलेली इंद्रभुवन ही नक्षीदार इमारत त्या वैभवाची साक्ष आहे. पुढें महापालिकेचें कार्यालय तेथेंच झालें. याच शहरांत १८८२ मध्यें वालचंद हिराचंद जन्मले. समुद्र जेथून शेंकडों मैल दूर आहे, जेथें होडी पाहावयाची तर तळ्यांत, अशा गांवच्या माणसानें सिंदिया कंपनीच्या रूपानें परदेशी जहाज कंपन्यांशीं झुंज घ्यावी, हें कौतुक आहे. त्यांची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून निघाली. तो दिवस भारतांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बंगलोरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणची जहाजबांधणीची गोदी यांचेही ते प्रवर्तक.

दुसरा पुत्र याहूनही दूर गेला. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. भैया चौकांत त्यांचें घर आहे. तेथें आतां स्मारक झालें आहे. जपानी आक्रमणाखालीं भरडल्या जाणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसनें १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, त्यांत हे सत्तावीस वर्षांचे तरुण होते. बाकीचे यथाकाल परतले. कोटणीस राहिले. लढाईच्या आघाडीमागें, खेड्यांतल्या घरांत, औषधांचा तुटवडा असतांना त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा शिकले. बेथून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. मुलगा झाला, त्याचें नांव ठेवलें यिनह्वा; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. तें मूल कांहीं महिन्यांचें असतांनाच, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, बत्तिसाव्या वर्षीं कोटणीस वारले. व्ही. शांताराम यांनीं १९४६ मध्यें त्यांच्यावर चित्रपट काढला म्हणून तें नांव घरोघर पोंचलें. चिनी पाहुणे भारतांत आले म्हणजे कोटणिसांच्या कुटुंबीयांस आवर्जून भेटत. दोन्ही देशांत पुढें वैर झालें, रक्त सांडलें. पण ही ओळख तुटली नाहीं.

हे दोघे बाहेर जाऊन मोठे झाले. जे गांवांतच राहिले आणि गांवासाठीं मेले, त्यांच्या चौकाकडे आतां वळावयाचें.

१९३० च्या वसंतांत मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां सोलापूर हें सव्वा लाखाहून अधिक वस्तीचें गिरणगांव होतें. गिरणीकामगारांत जागृति होती, काँग्रेसचें काम जोरांत होतें, आणि माणिकचंद शहा यांच्या अध्यक्षतेखालीं नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावला होता. ५ मे रोजीं गांधीजींच्या अटकेची वार्ता आली. गिरण्या बंद पडल्या, दुकानें मिटलीं, मिरवणुकांनीं रस्ते भरले. तीन दिवस हें असेंच चाललें.

८ मे रोजीं रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूस लोकांनीं शिंदीचीं झाडें तोडलीं. दारूबंदीच्या चळवळींतील तो एक नित्याचा कार्यक्रम होता. पोलिसांनीं कांहीं जणांस पकडलें. त्यांस सोडावें म्हणून जमाव आडवा झाला. कलेक्टर नाइट स्वतः तेथें होता. मल्लप्पा धनशेट्टी या मंगळवार पेठेंतील कार्यकर्त्यानें लोकांस शांत करण्याची शिकस्त केली, आणि ती बरीचशी सफलही होत होती. इतक्यांत शंकर शिवदारे नांवाचा तरुण हातांत झेंडा घेऊन पुढें आला. एका सार्जंटानें त्याच्यावर गोळी झाडली. तो जागींच कोसळला.

त्यानंतर जें झालें त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. जमावाचा तोल सुटला. दगडफेक झाली, पोलिसांनीं गोळीबार केला, माणसें पडलीं. चवताळलेल्या लोकांनीं मंगळवार पेठेची पोलिस चौकी पेटविली, न्यायालयास आग लावली, आणि त्या दंगलींत पोलिस शिपाई मारले गेले. तेही याच मुलखांतले, पोटासाठीं गणवेश चढविलेले गरीब लोक होते. त्यांचीं नांवें कोणत्याही चौकांत कोरलेलीं नाहींत. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं ही बाजू घाईनें ओलांडली, तर सरकारी कागदांनीं ती सोडून दुसरें कांहींच पाहिलें नाहीं. दोघांनींही अर्धेंच सांगितलें.

खरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट तिच्या पुढची. पोलिस शहरांतून काढून घेण्यात आले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरांत ब्रिटिश सरकारचा अंमल उरला नाहीं. आदल्या दिवशीं चौकी जाळणारें हें शहर आतां लुटालुटींत बुडेल, अशी कोणाची अटकळ असती तर ती वावगी म्हणतां आली नसती. झालें निराळेंच. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं चौकाचौकांत उभें राहून रहदारी चालविली, गस्त घातली, लोकांस घरोघर जाऊन धीर दिला. रामकृष्ण जाजू, डॉ. कृष्णाजी अंत्रोळीकर, तुळशीदास जाधव या पुढाऱ्यांचा शब्द हाच त्या दिवसांचा कायदा. १० मे १८१८ रोजीं शिड्या लावून इंग्रज ज्या पेठेंत शिरले, त्या पेठेंत बरोबर एकशें बारा वर्षांनीं, १० मे १९३० रोजीं, इंग्रजांचा एकही शिपाई नव्हता. हा केवळ पंचांगाचा योगायोग आहे. त्यावेळीं कोणाच्या तो ध्यानांत आला असेल असेंही नाहीं. पण इतिहासाच्या अभ्यासकाला असे योगायोग वाटेंत थांबवितात.

सरकारनें उत्तर दिलें तें फौजेनें. १२ मे रोजीं लष्करानें शहराचा ताबा घेतला, १५ मे रोजीं व्हाइसरॉयनें त्यासाठीं खास वटहुकूम काढला, आणि जून अखेरपर्यंत सोलापूर लष्करी कायद्याखालीं राहिलें. १९१९ मध्यें पंजाबांत आणि १९२१ मध्यें मलबारांत जो प्रयोग झाला होता, तो आतां एका गिरणगांवावर झाला. झेंडा बाळगणें हा गुन्हा ठरला; गांधी टोपी दिसली कीं मार बसूं लागला. तुळशीदास जाधव यांनीं रोंखलेल्या बंदुकीसमोर छाती उघडी केली पण टोपी काढली नाहीं, ही हकीकत सोलापुरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढारी तुरुंगांत गेले. नगराध्यक्ष शहा यांसही शिक्षा झाली. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांस लेखणीबद्दल दीर्घ मुदतीचा कारावास मिळाला.

शिपायांच्या खुनाबद्दल जो खटला झाला त्यांत चौघांस फांशीची शिक्षा सांगण्यांत आली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. धनशेट्टी लिंगायत व्यापारी कुळांतले, तिशी ओलांडलेले.  कुर्बान हुसेन ऐन विशींतला, गझनफर या पत्राचा संपादक आणि कामगारांत वावरणारा. शिंदे मराठा, सारडा मारवाडी. जणूं शहरानें आपल्या प्रत्येक आळींतून एकेक माणूस निवडून दिला! सरकारनें तरी तशी निवड मुद्दाम केली नसेल. पण या चौघांची नांवें एका ओळींत वाचलीं म्हणजे तें दुसरें कोणतेंही शहर असूं शकत नाहीं.

चौघे त्या खुनांस खरोखर जबाबदार होते काय? सोलापूरकरांनीं हें कधींच मानलें नाहीं. ज्या धनशेट्टींनीं ८ मे रोजीं जमावाला आवरलें त्यांनाच जमाव भडकविल्याबद्दल फांस मिळावा, हें त्यांच्या बुद्धीला पटणें शक्य नव्हतें. हजारोंच्या गर्दींत, धुरांत आणि गोंगाटांत, कोणाच्या हातून काय घडलें हें साक्षीदारांच्या तोंडून ठरवावयाचें. आणि ते साक्षीदार लष्करी अमलाखालीं दबलेल्या शहरांतून आणावयाचे. अशा पुराव्यावर चार जीव घेणें हा न्याय म्हणतां येत नाहीं. सरकारला गुन्हेगार सांपडण्यापेक्षां धाक बसणें अधिक अगत्याचें वाटलें असावें, असाच निष्कर्ष काढावा लागतो. शिक्षा वरच्या न्यायालयांतही कायम राहिली. दयेचे अर्ज व्यर्थ गेले.

१२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांस फांशीं देण्यात आलें. त्यानंतर चौदा दिवसांनीं, २६ जानेवारीस, गांधीजींची सुटका झाली. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रहाचे हजारों कैदी घरीं परतले. कलेक्टर नाइट पुढें एकाहून अधिक प्रांतांचा हंगामी गव्हर्नर झाला.

ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर हें शहर वाढलें त्यांचीही कथा पुढें न्यायालयांतच गेली. १९४९ च्या ऑगस्टांत जुनी गिरणी बंद पडली. हजारों कामगार रस्त्यावर आले. १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. राज्यघटना अमलांत येऊन वर्ष होतें न होतें तोंच मालमत्तेच्या हक्काचा हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पुढें आला, आणि सोलापूरच्या गिरणीचें नांव घटनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें. एका निकालांत सरकार तगलें, पुढच्या निकालांत तो कायदाच रद्द झाला. गिरणी मात्र पुढें कायमचीच बंद झाली. तिच्या मागोमाग इतरही मावळल्या. भोंगे थांबले, माग अजून चालतात.

किल्ल्यापासून जवळच, पार्क मैदानाच्या बाजूच्या चौकांत, चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत. चौकाला नांवही त्यांचेंच आहे. दरवर्षीं १२ जानेवारीस तेथें लोक हार घेऊन येतात. आणि त्याच सुमारास तळ्याकडच्या वाटेनें सोलापूरकरांचीं दुसरीं पावलें चालूं लागलेलीं असतात. संक्रांत दोन दिवसांवर आलेली असते. मानकऱ्यांच्या बाराबंद्या धुवून वाळत पडलेल्या असतात, नंदीध्वजांची पूजा मांडली जात असते, आणि दुसऱ्या दिवशीं ते अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकास निघावयाचे असतात.